ट्रिबल कोण टाकत होतं हे पोरांना सांगावं का?

भुसावळकर:
काल भाच्याला जुन्या ‘स्टार ट्रेक’ या अंतराळमालिकेचा ट्रिबलवाला भाग दाखवला, १९६७ चा. ट्रिबल म्हणजे हात-पाय नसलेला केसाळ गोळा. खातो आणि वितो, बस. ज्वारीच्या कोठीत सोंडे व्हावेत तसे हे यानभर होतात. कॅप्टन कर्क धान्याच्या कोठाराचं झाकण उघडतो आणि ढीगच्या ढीग त्याच्या अंगावर कोसळतो. नंतरही एकेक गोळा टपटप डोक्यात पडतच राहतो. तिथे मी शहाणपणा केला. म्हटलं, वरून टाकणाऱ्यांना खालचं दिसत नव्हतं, म्हणून ते टाकतच राहिले. झालं! पोरगा गोष्ट सोडून गोळे मोजत बसला. पडद्यामागचं सांगूच नये, या मताला मी आलोय.

केळीबाग, रावेर:
नाही पटलं भो. लहानपणी जत्रेत तमाशाच्या कनातीमागे डोकावलो होतो. राक्षस बशीतून चहा पीत होता, मिशी भिजू नये म्हणून एका हाताने वर धरलेली. तासाभराने तोच स्टेजवर ओरडला तेव्हा मी आजीच्या पदरात शिरलो. चहा पाहिलेला असूनही.

भुसावळकर:
तू तासभर आधी पाहिलंस. मी ऐन वेळी कानात सांगितलं. फरक आहे.

धुळ्याच्या बाई:
गणित शिकवते, म्हणून राहवत नाही. कर्कचा अधिकारी स्पॉक आकडा सांगतो १७,७१,५६१. एका ट्रिबलला दर बारा तासांना दहा पिल्लं, तीन दिवस. म्हणजे अकराचा सहावा घात. चोख येतो! आणि शिवलेले गोळे किती, तर पाचशे. साडेतीनशे डॉलरमध्ये, एक सत्तर सेंटला. पाचशेत सतरा लाख दाखवले हे कळल्यावर मला तो ढीग जास्तच आवडला.

अमळनेरी:
जुगाडाचं कौतुक पुरे झालं. पैसे नव्हते म्हणून केलं ते. आणि लेखक डेव्हिड जेरोल्ड, गोळ्याचं डिझाइन वा चँगचं, ही नावं सगळे घेतात. पाचशे गोळे शिवणाऱ्या बाईचं नाव बाईंनीही टाकलं नाही.

धुळ्याच्या बाई:
चुकलंच. जॅकलीन क्युमेरे.

केळीबाग, रावेर:
अमळनेरी, पैसे नव्हते म्हणतोस, मग १९९६ मध्ये तर होते ना? ‘डीप स्पेस नाइन’ या नंतरच्या ‘स्टार ट्रेक’ मालिकेवाल्यांनी आपले नट त्याच जुन्या चित्रीकरणात बसवले. भूतकाळात गेलेले त्यांचे सिस्को आणि डॅक्स त्या कोठारात बसून बॉम्ब लपवलेला ट्रिबल शोधतायत आणि नको ते खाली फेकतायत. कर्कच्या डोक्यात पडतात ते हेच! वरच्या माणसांची चूक तीस वर्षांनी कथेत आली. भुसावळकर, भाच्याला आता हा दाखव.

अमळनेरी:
हे मात्र भारी आहे. बाकी मत कायम.

भुसावळकर:
विचारलं त्याला. म्हणतो, आजच लाव मामा, पण तू स्वयंपाकघरात बस.