मदत हवी आहे : पोपायची १९८३ सालची व्हिडिओ कॅसेट निघाली असती, तर तिच्यात काय असतं?

नमस्कार मंडळी,

कधीच बाजारात न आलेल्या कार्टून कॅसेट्सची कव्हरं, लेबलं आणि आतल्या कार्टून्सची यादी तयार करायचा मला छंद आहे. सगळं कागदावरच, कुणाची फिल्म कॉपी करून वाटत नाही. सध्या पोपाय, म्हणजे पालक खाऊन ताकद येणारा तो कार्टून खलाशी, हातात घेतलाय. दोन-तीन ठिकाणी घोडं अडलंय, म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडी पार्श्वभूमी. मॅक्स फ्लायशर यांच्या स्टुडिओने १९३३ ते १९४२ या काळात पोपायची कार्टून्स केली आणि पॅरामाउंटने ती थिएटरांत लावली. पुढे १९५०च्या दशकात असोसिएटेड आर्टिस्ट्स प्रॉडक्शन्स, म्हणजे ए.ए.पी., या कंपनीने ती टीव्हीसाठी विकत घेतली. १९५८ मध्ये ए.ए.पी. युनायटेड आर्टिस्ट्सकडे गेली आणि १९८१ मध्ये युनायटेड आर्टिस्ट्स एम.जी.एम.कडे. पोपाय हे पात्र मात्र पहिल्यापासून किंग फीचर्सचं, म्हणजे वर्तमानपत्रांना चित्रमालिका पुरवणाऱ्या कंपनीचं. फिल्म एकाकडे, पात्र दुसऱ्याकडे. १९८३ मध्ये एम.जी.एम./यू.ए. होम व्हिडिओने ‘द बेस्ट ऑफ पोपाय’चा पहिला भाग व्हीएचएस (व्हिडिओ कॅसेट) आणि लेझरडिस्कवर (त्या काळची मोठी व्हिडिओ तबकडी) आणायचं ठरवलं, तेव्हा किंग फीचर्सने नोटीस धाडली आणि बेत बारगळला. त्यानंतर फ्लायशरचा पोपाय अधिकृतपणे घरी यायला २००७ उजाडलं, आणि तोही थेट डीव्हीडीवर. व्हीएचएसचा सगळा जमाना यांतल्या बहुतेक कार्टून्सशिवाय गेला, याची मला अजून हळहळ वाटते.

मधल्या काळात दुकानांत पोपायच्या स्वस्त कॅसेट्स भरपूर होत्या, पण फ्लायशरच्या कामापैकी त्यांत मुख्यतः फिरून फिरून तीच तीन मोठी रंगीत कार्टून्स : सिंदबाद (१९३६), अलीबाबा (१९३७) आणि अल्लादीन (१९३९). त्यांच्या कॉपीराइटचं नूतनीकरण झालं नव्हतं, त्यामुळे कुणीही छापावीत. खरा खजिना म्हणजे सहा-सात मिनिटांची कृष्णधवल कार्टून्स, आणि त्यांतली बहुतेक कपाटातच राहिली.

तर माझी कल्पना अशी : ती नोटीस आलीच नाही आणि कॅसेट निघाली. नियम एकच ठेवलाय, १९८३ मध्ये जे शक्य होतं तेवढंच. म्हणजे आवाज मोनो, टेपच्या कडेने जाणाऱ्या साध्या ट्रॅकवर. मॅक्रोव्हिजन (कॅसेटची नक्कल रोखणारी यंत्रणा) नाही, कारण ते १९८५ पासूनचं. आणि चित्र कृष्णधवलच. पुढे या फिल्म टर्नर कंपनीकडे गेल्या, आणि तिने १९८७ मध्ये ही कार्टून्स नव्याने ट्रेस करून रंगवून घेतली आणि त्यात मूळ रेषेची पार रया गेली. १९८३ची कॅसेट त्या संकटाच्या आधीची आहे, म्हणून तर ती मला इतकी हवीशी वाटते.

आता अडचणी.

सगळ्यात मोठी शीर्षकांची. फ्लायशरच्या पोपायची सुरुवात आठवा : जहाजाची दारं उघडतात, बंद होतात आणि दर वेळी मागे नवी नावं दिसतात. टीव्हीसाठी प्रती काढताना पॅरामाउंटचं नाव आणि बोधचिन्ह काढून तिथे ए.ए.पी.चं चिकटवलं गेलं. २००७च्या डीव्हीडी संचात बऱ्याच कार्टून्सना मूळ शीर्षकं परत मिळाली. माझ्या कॅसेटवर काय दाखवू? मूळ पॅरामाउंट दाखवलं तर डोळ्यांना सुख, पण मी माझ्याच नियमाला बगल देतोय असं वाटतं.

दुसरी अडचण यादीची. तासाभराची कॅसेट धरली आहे. सुरुवातीला सिंदबाद, साधारण १६ मिनिटं. मग ‘अ ड्रीम वॉकिंग’ (१९३४), ‘किंग ऑफ द मार्दी ग्रा’ (१९३५, जॅक मर्सरचा पोपायच्या आवाजातला पहिला चित्रपट), ‘लॉस्ट अँड फाउंड्री’ (१९३७), ‘गूनलँड’ (१९३८), ‘कस्टमर्स वाँटेड’ (१९३९) आणि १९३३चं एखादं. ‘गूनलँड’ शेवटी ठेवावं का? त्यात गून नावाचे राक्षसी लोक पोपायला आणि त्याच्या बापाला पुरतं घेरतात, तेवढ्यात फिल्मच तुटते, गून पडद्याबाहेर खाली कोसळतात आणि दोन खरे हात येऊन तुटलेली पट्टी सेफ्टी पिनने जोडतात. थिएटरात हा विनोद प्रोजेक्टरच्या नावावर होता. घरी कॅसेट बघणारा आधी उठून व्हीसीआरकडे धावला असता. मला तो क्षण या कॅसेटचा कळस वाटतो, म्हणून तो कुठे बसवायचा याचा इतका घोळ घालतोय.

तिसरी, कव्हरवर रंगीत सिंदबाद घ्यावा की आतल्या बहुसंख्य कार्टून्सना इमान राखून कृष्णधवल?

जाणकारांनी मत द्यावं.

प्रतिसाद :
शीर्षकांचा प्रश्न तुमच्या नियमानेच सुटतो. १९८३ मध्ये वितरकाच्या हाताशी होत्या त्या टीव्हीच्या प्रती. जुने निगेटिव्ह शोधून पॅरामाउंटची शीर्षकं परत बसवण्याचा खर्च एका कार्टून कॅसेटसाठी कुणी केला असता असं वाटत नाही. ए.ए.पी.च दाखवा. कॅसेट खरी वाटायची असेल तर तिच्यात त्या काळाच्या उणिवाही हव्यात.

आणि कॅसेटचं चित्र काढताना खिडकीतून दिसणारी रिळं नीट काढा. छापील, म्हणजे आधीच कार्यक्रम भरून विकलेल्या, कॅसेटमध्ये कार्यक्रमाला लागेल तेवढीच टेप भरत. दोन तासांच्या टी-१२० मध्ये सुमारे २४७ मीटर टेप असते. एसपी, म्हणजे नेहमीच्या, वेगात तासाभराला १२० मीटर पुरते. म्हणजे भरलेलं रीळ बरंच बारीक दिसायला हवं. कण्याच्या बाजूची रेकॉर्डिंगची टॅबही नको, छापील कॅसेटवर ती नसायची.

प्रतिसाद :
लेझरडिस्कही निघणार होती हे विसरू नका. सीएलव्ही, म्हणजे जास्त वेळ चालणाऱ्या प्रकारच्या, डिस्कच्या एका बाजूवर जास्तीत जास्त ६० मिनिटं. तुमची यादी ५८ वर जाते, वर बोधचिन्ह आणि एफबीआयची नक्कल-बंदीची सूचना. फार काठोकाठ होतंय. एक कार्टून कमी करा, म्हणजे डिस्क उलटायला नको आणि दोन्ही आवृत्त्या सारख्या राहतील. कोणतं काढायचं? ‘अ ड्रीम वॉकिंग’मध्ये झोपेत चालणारी ऑलिव्ह (पोपायची मैत्रीण) लोखंडी तुळयांवरून जाते, ‘लॉस्ट अँड फाउंड्री’त रांगणारं बाळ स्वीपी कारखान्यातल्या यंत्रांमधून. वाचवणाऱ्यांची तारांबळ दोन्हींकडे तीच. एका तासात दोन्ही ठेवली की दुसऱ्याची धार जाते. मी स्वीपीला दुसऱ्या भागासाठी राखून ठेवीन.

कव्हर रंगीतच करा. दुकानातल्या फळीवर काळं-पांढरं कव्हर कोण उचलणार?

धागाकर्ता :
दोघांचेही मनापासून आभार. ए.ए.पी. पक्कं. स्वीपी दुसऱ्या भागात, तिथे सुरुवातीला अलीबाबा असेल. पहिल्या भागाची लांबी आता ५१ मिनिटांच्या आसपास येते, वर सूचना धरूनही एका बाजूत आरामात. ‘गूनलँड’ मात्र शेवटी नको असं वाटू लागलंय : शेवटच्या कार्टूनमध्ये फिल्म तुटली तर बघणारा कॅसेट संपली समजून बंद करायचा. ते मधोमध ठेवतो आणि शेवट ‘मार्दी ग्रा’ने करतो.

कव्हर रंगीत, पण मागच्या बाजूला सगळ्या चौकटी कृष्णधवल ठेवतोय. तिथे १९३३चं कोणतं कार्टून छान दिसेल, ‘आय याम व्हॉट आय याम’ की ‘ब्लो मी डाउन’? ज्यांनी दोन्ही नीट पाहिली असतील त्यांनी सांगा. त्या एका जागेसाठी काम थांबलंय.