मदत हवी आहे: टेम्पोचं ४०७ इंजिन होडीला बसवलं, बारा मिनिटांत पाणी उकळलं

खाडीकाठचा

नमस्कार मंडळी. मी दिवाळे कोळीवाड्यातला, बेलापूर. वडिलांची २८ फुटी होडी आहे, लाकडी, वरून फायबर मारलेलं. जुन्या दोन सिलिंडरच्या इंजिनाचा गेल्या मोसमात क्रँकच गेला. नव्या मरीन इंजिनाचा भाव ऐकून आम्ही बापलेक दोन दिवस त्या विषयावर बोललोच नाही. तेवढ्यात काकांचा टाटा ४०७ टेम्पो भंगारात निघाला. बॉडी सडलेली, पण इंजिन ठणठणीत: चार सिलिंडर, २९५६ सीसी, टर्बो नाही, पंप मेकॅनिकल, म्हणजे खाऱ्या हवेत रुसणारी इलेक्ट्रॉनिक्सची भानगड नाही. भंगारवाल्याला सांगाडा दिला, इंजिन गिअरबॉक्ससकट घरी आणलं.

रबाळ्याच्या एका वर्कशॉपमध्ये खालचा पाया बनवून घेतला. गिअरबॉक्स टेम्पोचाच ठेवला, त्याच्या मागच्या फ्लँजला, म्हणजे जोडाच्या चकतीला, होडीचा पाण्यातला पंखा फिरवणारा शाफ्ट जोडला. रेडिएटरही टेम्पोचाच, फॅनसकट. मेच्या शेवटी, पावसाळी मासेमारीबंदी लागायच्या आधी, उधाणाच्या भरतीला होडी बाहेर काढली. बारा मिनिटांत काटा लाल, आणि ओव्हरफ्लोच्या नळीतून पाण्याचं कारंजं. शेजारच्या होडीने ओढून आणलं. धक्क्यावर उभी असलेली पोरं विचारत होती, "टेम्पो बंद पडला काय, धक्का मारू?"

दुसरा त्रास: थोडा जोर दिला की गिअरबॉक्समधून घूंऽऽ असा आवाज येतो आणि दोनदा लिव्हर आपोआप न्यूट्रलला उडाली.

वर्कशॉपवाला म्हणतो, रेडिएटर काढा, खाडीचं पाणी पंपाने सरळ ब्लॉकमधून फिरवा आणि थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच पाण्याला वाट देणारी झडप) फेकून द्या. १ ऑगस्टला समुद्र उघडतो, त्याच्या आत काम संपवायचं आहे. करू का त्याचं ऐकून?

डिझेलभक्त

रेडिएटर मोठा टाका की राव. ट्रकचा लावा, विषय संपला.

इंजिनरूम_निवृत्त

विषय संपत नाही, सुरू होतो. टेम्पोच्या रेडिएटरला समोरून वारा मिळतो. तुमचा रेडिएटर बंद खोलीत आहे, फॅन तीच गरम हवा पुन्हा पुन्हा फिरवतोय. ट्रकचा लावलात तर बाराच्या जागी वीस मिनिटं लागतील, एवढाच फरक.

शिवाय टेम्पो क्वचितच पूर्ण ताकदीवर चालतो. चढ येतो, उतार येतो, सिग्नल येतो. होडीचं इंजिन कायम कसारा घाट चढत असतं आणि उतार कधी येतच नाही. म्हणून जेवढी अश्वशक्ती कागदावर आहे तेवढी सतत मागू नका. मिनिटाला अडीच हजारांच्या वर फेरे न्यायचे नाहीत असं आजच ठरवा, आणि पंखाही त्या हिशोबाने निवडा.

आता खाडीचं पाणी. ब्लॉक बिडाचा आहे. खारं पाणी त्यातून थेट फिरलं तर गंज धरतोच, आणि पाणी साठ अंशांच्या पुढे तापलं की क्षार आत बसायला लागतात, वाटा बुजतात. म्हणून थेट खाऱ्या पाण्यावर चालवताना इंजिन मुद्दाम थंड ठेवावं लागतं, जे डिझेलला मानवत नाही: लायनर, म्हणजे सिलिंडरची आतली नळी, झिजतात, तेल खराब होतं. थर्मोस्टॅट फेकायचा सल्ला इथूनच आलेला आहे. ऐकू नका.

दोन मार्ग उरतात. एक, हीट एक्स्चेंजर: आत गोडं पाणी आणि कूलंट, बाहेरून खाडीचं पाणी. त्याला रबरी इम्पेलरचा पंप, गाळणी आणि तळाला कॉक लागतो. दुसरा, तळाखालून पाईप: गोडं पाणीच होडीबाहेरच्या तांब्याच्या पाईपांतून फिरून गार होऊन येतं, खारं पाणी आत येतच नाही. तुमच्या खाडीला मी दुसरा निवडेन. ठाणे खाडीचं पाणी म्हणजे पातळ चिखल, वर प्लास्टिक. इम्पेलर महिन्याभरात झिजेल आणि गाळणी रोज साफ करावी लागेल.

सारसोळे_ओहोटी

दादा, पाईपवाल्या मार्गात एक गोची आहे, आम्ही भोगली आहे. ओहोटीला आपल्या होड्या चिखलात बसतात. पाईप तळाला उघडे असतील तर होडीच्या वजनाने चेपतात आणि मध्ये चिखल भरतो. आम्ही कण्याला लागून दोन्ही बाजूंना पाईप घेतले आणि बाहेरून सागाची पट्टी मारली, पाईपापेक्षा दोन बोटं खाली येईल अशी. होडी पट्टीवर टेकते, पाईपावर नाही. दर आठवड्याला भरती यायच्या आधी हात घालून गाळ काढतो. आणि होडी चिखलात असताना इंजिन चालू करून "जरा बघतो" म्हणायचं नाही. माझ्या भावाने बघितलं होतं. हेड गास्केट गेलं.

खाडीकाठचा

सागाच्या पट्टीची आयडिया भारी. फॅन काढून टाकला तर चालेल ना मग?

इंजिनरूम_निवृत्त

फॅन काढा, बेल्ट ठेवा. वॉटरपंप त्याच बेल्टवर फिरतो. हे सांगावं लागतं, कारण मी एकाने दोन्ही काढलेले पाहिले आहेत.

पण मला पाण्यापेक्षा तुमच्या गिअरबॉक्सची आणि धुराची भीती वाटते, आणि तुम्ही धुराबद्दल एक शब्द लिहिलेला नाही.

गिअरबॉक्स आधी. पंखा होडी पुढे ढकलतो म्हणजे शाफ्टला पुढे ढकलतो आणि शाफ्टमार्फत तुमच्या गिअरबॉक्सला. टेम्पोत हा धक्का नसतोच, तिथे प्रोपेलर शाफ्ट फक्त चाकं फिरवतो. बेअरिंग त्यासाठी बनलेलंच नाही. घूंऽऽ आवाज त्याचा, आणि गिअर उडणंही बहुतेक त्याचंच. टॉप गिअरला टाकला तर पंखा इंजिनाच्याच वेगाने फिरतो, फेस होतो, होडी जागची हलत नाही. खालच्या गिअरवर तासन् तास चालवलात तर आतलं तेल जळतं. मरीन गिअरबॉक्सच घ्या, जुना चालेल, तीनास एकचा. इंजिन २४०० वर असेल तेव्हा शाफ्ट ८०० फिरेल आणि मोठा, संथ पंखा जड होडी ओढेल.

खाडीकाठचा

आजोबा पहिल्या दिवसापासून हेच म्हणत होते: "पान्यान बिरेक नसतं, रिव्हर्स लागतं." क्लच दाबून रिव्हर्स टाकेपर्यंत आम्ही धक्क्याला ठोकलो होतो. वर लिहिलं नव्हतं, लाज वाटली.

धुराचं सांगतो. सायलेन्सर टेम्पोचाच आहे, मागून बाहेर काढला आहे.

इंजिनरूम_निवृत्त

मागून कुठे? पाण्याच्या रेषेपासून किती वर? मागून लाट आली की पाणी पाईपातून सिलिंडरमध्ये जातं. पुढच्या सेल्फला कनेक्टिंग रॉड वाकतो.

तुमच्याकडे खारं पाणी फिरणार नाही, त्यामुळे धुरात पाणी मिसळून थंड करायचा मार्ग बंद. मग सरळ वर धुराडं काढा, केबिनच्या छतापेक्षा उंच, तोंडाला उघडझाप करणारं झाकण, पावसासाठी. मॅनिफोल्ड (सिलिंडरांचा धूर गोळा करणारा नळ) पूर्ण लोडला चारशे-पाचशे अंशांवर जातो. टेम्पोत त्यावरून वारा जातो, तुमच्याकडे बाजूला लाकूड आहे आणि वर डिझेलच्या नळ्या. डिझेलच्या नळीचा एक बॅन्जो जोड ढिला झाला, फवारा मॅनिफोल्डवर पडला की संपलं. ग्लासवूलची दोरी गुंडाळा, वर स्टीलचा पत्रा. इंजेक्टरच्या नळ्या आणि मॅनिफोल्ड यांच्या मध्येही एक पत्रा. हे काम पंख्याच्या आधी.

सारसोळे_ओहोटी

अजून दोन बारीक गोष्टी. शाफ्टच्या उतारामुळे इंजिन मागे कललेलं राहतं, मग डिपस्टिक खोटं बोलते. तेल पूर्ण काढा, होडी पाण्यात असताना मोजून भरा आणि काठीवर करवतीने नवी खूण करा.

आणि शाफ्ट-गिअरबॉक्सचं अलाइनमेंट जमिनीवर करू नका. पाण्यात उतरल्यावर होडीचा आकार बदलतो. डिझेल भरा, जाळी चढवा, मग दोन फ्लँजच्या मध्ये चारही बाजूंनी फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घाला. चार इंची फ्लँजला ०.१ मिमीपेक्षा जास्त फरक नको. ग्लँडमधून, म्हणजे शाफ्ट होडीबाहेर जातो तिथल्या दोरीच्या पॅकिंगमधून, चालू असताना मिनिटाला चार-पाच थेंब पडलेच पाहिजेत. एकही पडत नसेल तर दोरी जास्त आवळली आहे, शाफ्ट खाईल.

डिझेलभक्त

मी फक्त रेडिएटर म्हणालो होतो.

इंजिनरूम_निवृत्त

कागदाचंही बघा. होडीच्या नोंदणीवर जुन्या इंजिनाचा नंबर आहे ना? टेम्पोचं बिल आणि आरसी रद्द केल्याचा कागद जपून ठेवा आणि नंबर बदलून घ्या. मच्छीमारांच्या डिझेल परताव्याच्या वेळी अडाल.

खाडीकाठचा

सगळ्यांचे आभार. घरी वाचून दाखवलं. ठरलं असं: टेम्पोचा गिअरबॉक्स विकायचा, भाऊच्या धक्क्याजवळ एक जुना मरीन गिअरबॉक्स बघितला आहे, तीनास एकचाच. तांब्याचे पाईप, सागाची पट्टी, वर धुराडं. थर्मोस्टॅट जागेवर. वर्कशॉपवाला फुगला आहे, पण त्याला फक्त वेल्डिंग करू देणार.

एकच विचारायचं राहिलं. काल कुर्ल्यात उजव्या हाताचा (मागून बघितलं तर घड्याळाच्या दिशेने फिरणारा) गनमेटलचा पंखा स्वस्तात मिळाला, हजार रुपये बयाणा देऊन आलो. चालेल ना?

इंजिनरूम_निवृत्त

काही मरीन गिअरबॉक्स पुढच्या चालीला शाफ्ट इंजिनाच्या उलट फिरवतात, काही त्याच दिशेने. गिअरबॉक्स घरी येऊन हाताने फिरवून बघितल्याशिवाय पंखा उजवा की डावा हे सांगता येत नाही. पंख्याचा व्यास किती इंच आणि पिच (एका फेऱ्यात किती पुढे सरकेल) किती, हा हिशोबही त्यानंतरच.

बयाणा परत मिळतोय का बघा.