मुलगा ३ वर्षांचा, बाकी मुलांत मिसळत नाही, ऑटिझमचं (स्वमग्नतेचं) स्क्रीनिंग करावं का?

प्लेग्रुपच्या टीचर म्हणाल्या की तो एकटाच कोपऱ्यात गाड्या एका ओळीत लावत बसतो, हाक मारली तरी बघत नाही. मी घरी नेटवरून एम-चॅट (ऑटिझमच्या स्क्रीनिंगची, पालकांनी भरायची प्रश्नावली) भरलं, स्कोअर २ आला म्हणजे लो रिस्क ना? सासूबाई म्हणतात मुलगे उशिराच बोलतात, पण मला रात्री झोप लागत नाहीये

उत्तर १: ताई, एम-चॅट १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी आहे, तुमचा मुलगा त्या वयाच्या पुढे गेलाय, म्हणून त्या २ वर अजिबात विसंबू नका. आणि स्क्रीनिंग म्हणजे निदान नव्हे, कुणाला नीट तपासायला पाठवायचं एवढंच त्यातून कळतं. डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियनना (मुलांच्या विकासाच्या तज्ज्ञ डॉक्टरांना) दाखवा. हाकेला बघत नाही म्हणताय तर आधी कानांची तपासणी, हे खरंच विसरू नका!

उत्तर २: आमच्या मुलीचं असंच होतं. मी मोबाईलवर छोटे व्हिडिओ काढून नेले, कारण डॉक्टरांसमोर पंधरा मिनिटांत मूल वेगळंच वागतं, आणि टीचरकडून लिहून घेतलं की दुसऱ्या मुलाने खेळणं दिलं तर ती काय करते, बोट दाखवून काही दाखवते का, त्याचा फार उपयोग झाला. स्पीच थेरपी निदानाची वाट न बघता सुरू केली, ते बरंच झालं.

प्रश्नकर्ती: थँक्यू दोघींना, बोट तो कधीच दाखवत नाही, माझा हात धरून ओढत नेतो, हे आत्ता लक्षात आलं. उद्याच अपॉइंटमेंट घेते