पोर्तुगीज पुस्तकावरचा ‘रोमान्स’ म्हणजे नक्की काय?

शब्दवेडा: पोर्तुगीज पुस्तकांच्या मुखपृष्ठावर ‘रोमान्स’ छापलेलं असतं, मग आत प्रेमाचा मागमूस नसला तरी. फ्रेंच ‘रोमां’, जर्मन ‘रोमान’ म्हणजेही कादंबरीच. इंग्रजीत मात्र प्रेमप्रकरण. एका शब्दाला इतके फाटे कसे फुटले?

जुनी_पोथी: मुळात प्रेमाचा संबंधच नाही. लॅटिन ‘रोमानिके’ म्हणजे रोमी पद्धतीने, थोडक्यात लोकांच्या बोलीत. पंडितांची लॅटिन लोकांना कळेनाशी झाली होती. ८१३ साली फ्रान्समधल्या तूर शहरातल्या धर्मपरिषदेने प्रवचनं लोकांच्या रोमी किंवा जर्मन बोलीत द्यायला सांगितलं. त्यातल्या रोमी बोलीचं जुन्या फ्रेंचमधलं नाव ‘रोमान्झ’. बाराव्या शतकात तिच्यात लिहिलेल्या पद्यकथांनाही तेच नाव चिकटलं. त्यांत सरदार, लढाया आणि राजाच्या राणीवर जडलेलं प्रेम! भाषेचं नाव गोष्टीला लागलं, गोष्टीचं प्रेमाला.

शेवटच्या ‘स’ची गंमत वेगळीच. जुन्या फ्रेंचमध्ये पुल्लिंगी नामाला कर्त्याच्या जागी ‘स’ लागे. ‘रोमान्झ’चा शेवटही तसाच प्रत्यय समजून लोकांनी तो काढून टाकला, उरलं ‘रोमां’. इंग्रजीने शेपटीसकट उचललं.

दुभाषी: भाषांतरात खड्डे इथेच. रशियन ‘रोमान’ कादंबरीही आणि लफडंही. ‘ऊ निख रोमान’ हे ‘त्यांच्याकडे कादंबरी आहे’ असं उतरवलं की फसलात; ‘त्यांचं जुळलंय’ म्हणा. ‘स’ जोडून रशियन ‘रोमान्स’ केलात तर ते पियानो किंवा गिटारच्या साथीचं भावगीत. स्पॅनिश ‘रोमान्से’ म्हणजे आठ अक्षरी ओळींचा पोवाडावजा कथाकाव्यप्रकार. यमक फक्त सम ओळींना, तेही स्वरांपुरतं. कादंबरीला तिथे ‘नोवेला’. आणि जर्मन ‘रोमानिक’ला ‘रोमँटिक’ समजू नका: ती टोकदार कमानींच्या गॉथिक शैलीच्या आधीची युरोपीय वास्तुशैली, जाड भिंती, अर्धगोल कमानी.

मांडवीकाठ: गोव्यात हा शब्द अजून जिवंत आहे. रोमी लिपीतल्या कोंकणीत लोकप्रिय कादंबरीला ‘रोमान्स’च म्हणतात, अनेकवचन ‘रोमान्शी’. रेजिनाल्ड फर्नांडिस यांना तर ‘रोमान्शींचो पातशाय’ म्हणत. त्यांत रहस्य, मारामारी सगळं येतं, प्रेमच हवं असं नाही.

शब्दवेडा: म्हणजे मुखपृष्ठावरचा ‘रोमान्स’ सरळ ‘कादंबरी’ असा उतरवायचा?

जुनी_पोथी: हो. आणि आपली ‘कादंबरी’ तरी कुठली? बाणभट्टाच्या नायिकेचं नाव. तिच्या प्रेमकथेचं नाव आपण खूनकथेलाही लावतोच की.