आधी उद्धार, मग पश्चात्ताप

बायबलच्या जुन्या करारातील संदेष्टे, म्हणजे देवाचा संदेश लोकांना सांगणारे, यांचा क्रम पश्चात्ताप आधी आणि उद्धार नंतर, असा सरसकट मांडला जातो. यहेज्केल या संदेष्ट्याच्या ग्रंथात मात्र तो चक्क उलटतो. इ.स.पू. ५९७ मध्ये बंदिवान होऊन बाबेलला (बॅबिलोनला) गेलेल्या या याजकाला दृष्टान्तात देवाचे तेज यरुशलेमच्या मंदिराच्या उंबरठ्यावर थबकताना, मग पूर्वेच्या वेशीवरून शहराबाहेरच्या डोंगराकडे जाताना दिसते. एकदम नव्हे, जणू पाय निघत नसल्यासारखे. पुढे ३६व्या अध्यायात देव इस्राएली लोकांना बजावतो की, हा उद्धार मी तुमच्यासाठी नव्हे, तर माझ्या पवित्र नामासाठी करतो. आधी शुद्धीचे पाणी, पाषाणाच्या जागी मांसाचे हृदय, आणि त्यानंतरच लोकांना स्वतःच्या कर्मांची किळस येते. १८व्या अध्यायातील ‘वळा आणि जगा’ हे आवाहन याच्याशी सहज जुळत नाही, आणि ग्रंथ ते जुळवण्याच्या फंदातही पडत नाही.