तुमच्या शाळेची जुनी इमारत आठवतेय का?

वाडेकरीण: काल शनिवारवाड्याजवळून रिक्षाने जाताना नानावाडा दिसला आणि बाबा आठवले. ते तिथल्या न्यू इंग्लिश स्कूलचे. वाडा नाना फडणवीसांचा, १७८० चा, म्हणजे साक्षात फडणवीसांच्या घरात बसून ही पोरं लसावि-मसावि काढायची! माझी स्वतःची शाळा मात्र पाडली, आता तिथे सात मजले नि लिफ्ट. पिंपळाचा पार तेवढा राहिलाय, त्याच्यावर स्कूटर लावतात. तुमच्या शाळांचं काय झालं? लिहा.

टोकदार_पेन्सिल: मस्त धागा. फक्त एक, शाळा सुरू झाली ती मोरोबादादांच्या वाड्यात, १ जानेवारी १८८० ला. चिपळूणकर, टिळक, नामजोशी. आगरकर पुढच्या वर्षी आले.

वाडेकरीण: अहो, नानावाड्यात सुरू झाली असं मी कुठे म्हटलं?

टोकदार_पेन्सिल: पुणेकर आहे, राहवत नाही.

तांबडा_पांढरा: आमचं मेन राजाराम, कोल्हापूर. भवानी मंडपाला लागूनच. गोपाळ कृष्ण गोखले आमच्याच शाळेचे, हे मास्तर गणित चुकलं की हमखास ऐकवायचे. आम्ही म्हणायचो त्यांना पण मार बसला असंल की.

माणदेशी: आजोबा साताऱ्याला कर्मवीरांच्या सयाजीराव हायस्कूलात, १९४० ला निघालं ते. पोरं सकाळी श्रमदान करायची आणि मग वर्गात. आजोबांच्या खांद्यावर घमेल्याचा घट्टा होता म्हणे, आजी म्हणायची खोटं बोलतात, विहिरीचा आहे. कुकर लावलाय, नंतर लिहिते

भिंगरी: पत्र्याच्या वर्गात पाऊस सुरू झाला की बाई खडू खाली ठेवून गप्प बसायच्या. काहीच ऐकू यायचं नाही. आम्ही फुल्लीगोळा. अजून पत्र्यावर पाऊस वाजला की झोप येते मला, ऑफिसात पण

बालाघाट: लातूर जिल्हा. विसर्जन करून रात्री उशिरा झोपलो आणि पहाटे भूकंप, ३० सप्टेंबर १९९३. शाळा दगडमातीची होती. नंतर पत्र्याच्या शेडमध्ये वर्ग भरले, हजेरी घेताना सर काही नावं गाळून पुढे जायचे. पहिले काही दिवस गाळायला विसरायचे. आता पक्की इमारत आहे, चांगली आहे.

वाडेकरीण: बालाघाट, काय बोलू. जपा.

माणदेशी: वाचून सुन्न झाले.

तांबडा_पांढरा: दादा, कोल्हापूरला आलास तर घरी ये. जेवूनच जायचं.

बालाघाट: येतो की. तांबडा रस्सा बेताचा करा, आम्हाला झणझणीत सोसत नाही.

टोकदार_पेन्सिल: पांढरा घ्या मग. आणि वाडेकरीणताई, त्या पारावर स्कूटर लावणाऱ्यांना पाटी लावा एक, मजकूर मी देतो.