काफ्तानजिओलू यांनी वैद्यकी वाया घालवली काय?

शवागारकर
'तुर्कस्तानच्या जानान काफ्तानजिओलू यांनी डॉक्टरकी सोडून राजकारण केले आणि तुरुंग ओढवून घेतला. डॉक्टरांनी यातून धडा घ्यावा,' असे काल येथे लिहिले गेले, म्हणून हा प्रपंच. त्यांचा विषय न्यायवैद्यकशास्त्र. या शाखेत समोरचा माणूस मेलेला तरी असतो किंवा मार खाऊन आलेला तरी, आणि त्याच्या अंगावरची प्रत्येक खूण कोणाला ना कोणाला अडचणीची असते. शिवाय त्या ज्या घरात सून म्हणून गेल्या, तेथील सासरे, लेखक-पत्रकार उमित काफ्तानजिओलू, एप्रिल १९८० मध्ये गोळ्या घालून मारले गेले होते. २०१८ मध्ये त्या सीएचपी या विरोधी पक्षाच्या इस्तंबूल प्रांताध्यक्ष झाल्या. ३१ मार्च २०१९ च्या रात्री सरकारी वृत्तसंस्थेने आकडे देणे मध्येच थांबवले, तेव्हा मतमोजणीच्या सह्या झालेल्या तक्त्यांच्या प्रती पक्षाच्या हाती होत्या, म्हणूनच पक्षाचे महापौरपदाचे उमेदवार इमामोलू यांचा विजय ठामपणे सांगता आला. ही शिस्त कोठून आली असेल?

साधाप्रश्न
काल लिहिणारा मीच. विजय इमामोलू यांच्या हसऱ्या प्रचाराचा होता. प्रांताध्यक्षांच्या जुन्या ट्वीटनी विरोधकांना आयते कोलीत दिले. राष्ट्राध्यक्षांचा अपमान हा तेथे गुन्हा आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते काय?

पाटण्याचा पाहुणा
ती ट्वीट २०१२ ते २०१७ मधली, म्हणजे पदावर येण्यापूर्वीची. खटला मात्र निवडणूक जिंकल्यावर उभा राहिला आणि सप्टेंबर २०१९ मध्ये नऊ वर्षे आठ महिन्यांची शिक्षा झाली! वरच्या न्यायालयात दहशतवादाच्या प्रचाराचा ठपका टिकला नाही, तरी मे २०२२ मध्ये जवळपास पाच वर्षे कायम राहिली. सिलिव्री तुरुंगात नेले त्याच दिवशी सुटका झाली खरी, पण राजकीय बंदी आली. कोलीत कोणी कोणाला दिले?

माजी वैद्यकीय अधिकारी
ट्वीट राहू द्या. मी ग्रामीण रुग्णालयात असताना कोठडीतून एकाला तपासणीसाठी आणले. हवालदारसाहेबांनी कागदावर 'अंगावर जखमा नाहीत' असे आधीच लिहून आणले होते. माझी फक्त सही हवी होती. त्या माणसाला चप्पल घालता येत नव्हती, तळवे सुजून काळेनिळे पडले होते. मी ते वळ मोजमापासह नोंदवले. पुढच्याच यादीत माझी बदली झाली. राजकारणात नसलेल्या डॉक्टरची ही कथा!

साधाप्रश्न
आपण नोंद केलीत, पक्ष काढला नाहीत. मीही तेच म्हणतो आहे: अहवाल लिहा आणि थांबा. भावनिक किस्से सांगून मूळ प्रश्नाला बगल देऊ नका.

माजी वैद्यकीय अधिकारी
किस्सा? अहवाल फायलीत पडून राहिला, महाशय. तुर्कस्तानातच शेबनेम कोरुर फिंजांजी पाहा. त्याही न्यायवैद्यक तज्ज्ञ, शिवाय तेव्हा तुर्की वैद्यक संघटनेच्या अध्यक्ष. तुर्की लष्करावरील रासायनिक अस्त्रांच्या आरोपांची स्वतंत्र चौकशी व्हावी, असे म्हटले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये अटक झाली. त्यांनी कोणता पक्ष काढला होता? आपली 'थांबा'ची रेषा नेमकी कोठे आहे, ते एकदा आखून द्याच.

साधाप्रश्न
फिंजांजी यांच्याबाबत मान्य, तो अन्याय होता; आपला आवाज चढला म्हणून मान्य करतो आहे असे समजू नये. बाकी श्रेयच वाटायचे असेल, तर निकाल रद्द करून फेरमतदानात इमामोलू यांच्या सुमारे तेरा हजारांच्या आघाडीचे आठ लाख करून देणाऱ्या निवडणूक मंडळालाही प्रांताध्यक्षांशेजारी हार घाला.